पुढची माझी

"माझे गुडघे आता कानाला लागायला आलेत. घरी पोचेपर्यंत माझी घडीची खुर्ची होणार आहे."

शेल्बी हे कुणाला उद्देशून म्हणाली नव्हती. नुसती पुटपुटली होती. पण गाडी इतकी चिमुकली होती की मागचा उसासासुद्धा पुढे ऐकू येत होता.

मारितनं आरशात पाहिलं. मागे शेल्बी, तिच्या शेजारी कॉर्बिन, आणि दोघांच्या मध्ये कोंबलेल्या सॅक. कॉर्बिन ताडमाड. मान वाकडी करून बसला होता, तरी केस छताला घासत होते.

"मग पुढे ये ना," मारित म्हणाली.

शेल्बीनं तोंड काचेकडे वळवलं.

पुढची सीट... रिकामी होती. सॅकसुद्धा तिथे ठेवायला दोघं तयार नव्हते.

हे सगळं खरं घडलेलं आहे. पटलं नाही तर सोडून द्या, मी वाद घालणार नाही. मिनेसोटातल्या आमच्या गावात मारितचं घर आमच्या घराला लागून आहे, आणि ती पोरगी खोटं बोलायला लागली की तिचे कान लाल होतात हे मला ती शाळेत असल्यापासून माहीत आहे. हे सगळं तिनं मला आमच्या ओट्यापाशी उभं राहून सांगितलं. कान पांढरे होते.

भुतांच्या गोष्टी रात्रीच्या असतात. ही नाही. ही भर दुपारची आहे. गेल्या मार्चमधली. ग्रीसच्या दक्षिण टोकाला मानी म्हणून भाग आहे, तिथली. दुपारचं जेवण झालं की तिथे गावंच्या गावं दारं लावून झोपतात. रस्त्यावर कुत्रं दिसत नाही. फक्त ऊन.

आणि एक सांगते. मारितला भीती कमी वाटली होती. संताप जास्त.

*

या सहलीला खरं तर चौघं जाणार होते.

चौथी ब्रिन. बेत सगळा तिचाच. कॉलेजच्या वसंताच्या सुट्टीत रोमला उतरायचं, रेल्वेनं खाली नेपल्स, मग बारी, तिथून बोटीनं ग्रीस, आणि तिथे गाडी घेऊन जमीन संपेपर्यंत खाली जायचं. तिनं तिकिटं आदल्या उन्हाळ्यातच काढायला लावली होती.

नोव्हेंबरमध्ये ब्रिन गेली.

एका पार्टीतून परतताना गाडी रस्ता सोडून शेतातल्या नाल्यात गेली. गाडी ब्रिनची. आत तिघं होते. ब्रिन, कॉर्बिन, शेल्बी. ब्रिननं पट्टा लावला नव्हता, ती बाहेर फेकली गेली. कॉर्बिनचा हात मोडला. शेल्बीला खरचटलं.

पोलिसांनी विचारलं, चालवत कोण होतं?

ब्रिन, असं सांगण्यात आलं. तपासात तिच्या रक्तात दारू निघाली. विषय संपला.

मारित त्या पार्टीला नव्हती. तिला सर्दी झाली होती. साधी सर्दी.

आता हे समजून घ्या, कारण सगळं यावरच आहे. मारितचे बाबा एक पाय ओढत चालतात. ती लहान असताना एका दारू प्यायलेल्या माणसानं त्यांच्या ट्रकला धडक दिली होती. ब्रिननं तो पाय लहानपणापासून पाहिलेला. गाडी चालवायचा परवाना मिळाला त्या दिवशी ती मारितच्या अंगणात उभी राहून म्हणाली होती, "प्यायले असले तर चावीला हात लावणार नाही. शब्द."

आणि मग अशी मेली.

मारित तिच्या अंत्यविधीला गेली नाही. ब्रिनची आई, रॉन्डा, आमच्या गावात शाळेची बस चालवते. ती समोरून आली की मारित रस्ता ओलांडून पलीकडे जायची. सगळ्यांना वाटायचं, पोरीला दुःख सहन होत नाही. दुःख कसलं. ती ब्रिनवर चिडली होती. मेलेल्या माणसावर चिडणं फार वाईट. भांडायला कुणी समोर येत नाही.

सुट्टीआधी कॉलेजनं आणखी एक केलं. आमच्याकडे ही पद्धतच आहे. सुट्टीला पोरं निघायच्या आधी हिरवळीवर एखादी चेंदामेंदा झालेली गाडी आणून ठेवतात, म्हणजे बघून तरी कुणी पिऊन चालवणार नाही.

या वर्षी ब्रिनचीच निळी गाडी ठेवली. शेजारी फलक. फलकावर ब्रिनचा हसरा फोटो, आणि खाली 'एक चुकीचा निर्णय'.

रॉन्डानं स्वतः परवानगी दिली होती. म्हणाली, कुणाचं तरी पोर वाचेल.

मारित रोज तिथून मान वळवून जायची. एकदाच तिनं आत डोकावून पाहिलं. स्टिअरिंग वाकलेलं होतं. चालवणाऱ्याची सीट पार मागे सरकलेली होती. गाडी ओढून आणणाऱ्यांनी सरकवली असेल असं तिला वाटलं, आणि ती तशीच तडक वर्गात गेली.

तरीही सहलीला गेली. का, असं मी विचारलं. म्हणाली, "तिच्यावर रागावून. तिच्यावाचून मजा करून दाखवायची होती."

*

रोममध्ये काही झालं नाही. रेल्वेत नाही. बोटीतही नाही.

ग्रीसमध्ये पात्रासच्या बंदरावर गाडी भाड्यानं घेतली, तेव्हा सुरू झालं.

त्यांनी मागितली होती आपोआप गिअर बदलणारी. दुकानातल्या पोऱ्यानं खांदे उडवले आणि हातगिअरची छोटी पांढरी गाडी पुढे केली. आमच्याकडच्या पोरांना हातगिअर येत नाही. मारित शेतावर वाढलेली, आजोबांचा जुना ट्रक चालवत. म्हणजे चालवणार तीच.

कॉर्बिननं हे ऐकून इतका मोठा श्वास सोडला की तिला हसू आलं. "एवढं काय? मी बरी चालवते."

"तू देवी आहेस," तो म्हणाला.

नोव्हेंबरपासून त्यानं कुठलीच गाडी चालवली नव्हती. हात मोडला होता ना. हात जानेवारीतच बरा झाला होता, पण ते कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

तिघं गाडीच्या दिशेनं चालू लागले. आणि मारितचे पाय आपोआप मंदावले.

ती वाट बघत होती.

आमच्याकडे पोरांचा एक नियम आहे. गाडी नजरेला पडली की जो आधी ओरडेल "पुढची माझी!" त्याला पुढची सीट. बाकीच्यांनी मुकाट मागे बसायचं. ब्रिनला कुणी कधी हरवलं नव्हतं. ती घराच्या जिन्यावरूनच ओरडायची. मग पुढे बसायची, बूट काढायची आणि दोन्ही पाय समोर काचेला लावायची. पाय एवढेसे. लहान मुलांच्या दुकानातून बूट घ्यावे लागत. काचेवर तिच्या बोटांचे ठसे उमटायचे, आणि मारित ते पुसता पुसता शिव्या घालायची.

गाडी समोर दिसत होती.

कुणीही ओरडलं नाही.

कॉर्बिननं मागचं दार उघडलं. शेल्बीनं दुसऱ्या बाजूचं.

*

गावाबाहेर पडल्यावर आवाज आला.

टिंग... टिंग... टिंग...

समोर लाल दिवा लागला. पट्टा लावलेल्या माणसाचं छोटं चित्र.

मारितनं आपला पट्टा चाचपला. लावलेला होता. "मागे कुणी सोडलाय का?"

नाही. दोघांनीही लावलेले.

चित्र पुढच्या सीटचं होतं. पट्टा न लावता तिथे कुणी बसलं की वाजायचं.

मारितनं हात लांब करून सीट चाचपली. काही नव्हतं. नकाशासुद्धा नाही.

"ग्रीक गाडी आहे," मागून कॉर्बिन म्हणाला. "गप्प बसायची सवय नसेल तिला." पण विनोद करताना त्याचा आवाज एखाद्या आजारी माणसासारखा झाला होता.

मारितनं गाडी बाजूला घेतली, रिकाम्या सीटवरून पट्टा ओढला आणि अडकवला. आवाज थांबला.

ऑलिव्हच्या बागा सुरू झाल्या. रस्ता वळणावळणाचा. शेल्बीनं काच खाली केली.

आणि मग...

खट्.

पट्टा सुटला. आपोआप. सर्रकन मागे गेला.

टिंग... टिंग... टिंग...

मारितच्या मानेवरचे केस उभे राहिले नाहीत. तिनं मला हे मुद्दाम सांगितलं. तिच्या डोक्यात तिडीक गेली. कारण ब्रिन अशीच करायची. पट्ट्यानं गळा आवळल्यासारखं होतं म्हणायची, आणि मारितनं लावून दिला की पुढच्या वळणावर सोडायची.

कुणी ते नाव घेतलं नाही. मुक्कामाच्या गावाला, कालामाताला, पोचेपर्यंत ती घंटा वाजत राहिली, आणि तिघं जण पर्वत किती छान आहेत यावर बोलत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मारित गाडीत बसायला गेली तर पाय पोचेनात.

तिची सीट पार मागे गेली होती. शेवटच्या खाचेपर्यंत.

"कुणी बसलं होतं इथे?"

"चावी तुझ्याकडेच होती," शेल्बी म्हणाली.

खरंच होतं ते. मारितनं सीट पुढे ओढली. दुपारी एका गावात पाण्याच्या बाटल्या घ्यायला थांबले. परत आली...

सीट पुन्हा मागे.

"कॉर्बिन, चेष्टा असेल तर पुरे झाली."

"मी कशाला असली चेष्टा करू?"

तो त्या सीटकडे बघत नव्हता. रस्त्याकडे बघत होता, जणू तिकडून बस येणार होती.

*

रस्त्याच्या कडेला त्या पेट्या होत्या.

मानीत शिरल्यावर त्या वाढल्या. खांबावर उभ्या केलेल्या छोट्या पत्र्याच्या पेट्या. पुढे काचेचं दार. काहींना वर चिमुकलं छप्पर, काहींना क्रॉस. कुठल्याही वळणावर एक, कधी दोन शेजारी शेजारी. आसपास घर नाही, शेत नाही.

शेल्बी आणि मारित दोघी शेतावरच्या पोरी. आमच्याकडे रस्त्याच्या कडेला खांबावर पेटी दिसली की ती टपालाची. दुसरं काही डोक्यात येतच नाही.

"इथला पोस्टमन भलताच देवभोळा दिसतोय," शेल्बी म्हणाली. "प्रत्येक पेटीला देऊळ बांधलंय."

"आणि पत्र टाकायला लोक डोंगर चढून येतात वाटतं."

दोघी हसल्या. त्या प्रवासात तेवढंच हसणं झालं. कॉर्बिन हसला नाही. तो विमानतळाच्या शौचालयावरही विनोद करणारा माणूस. त्या पेट्यांवर त्यानं एक शब्द काढला नाही.

जेवायला एका गावात थांबले. त्या दिवशी तिथे सण होता, पंचवीस मार्चचा, त्यांचा स्वातंत्र्यदिन. सगळीकडे एकच जेवण. तळलेला कॉड मासा आणि लसूण घालून घोटलेला बटाटा. म्हातारी माणसं कोटाला छोटे झेंडे लावून बसली होती. हळूहळू तीही उठली. दारं लागली. खानावळवाल्यानंही यांच्या भोवतीच्या खुर्च्या उचलून टेबलावर उलट्या ठेवल्या.

कॉर्बिन पैसे द्यायला आत गेला. शेल्बी हात धुवायला गेली. मारित एकटी गाडीकडे निघाली.

चौक रिकामा. ऊन पांढरं. तिच्या चपलांचाच आवाज.

आणि अगदी मागून... कानाजवळ... हसत...

"पुढची माझी."

मारित वळली. "शेल्बी, आज बरी हिंमत..."

मागे कुणी नव्हतं.

शेल्बी दूर, खानावळीच्या पायरीवर, ओले हात झटकत होती.

मारितनं गाडीचं दार उघडलं. सीट मागे होती. तिनं ती दात ओठ खाऊन पुढे ओढली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, ते संतापाचं होतं. इतके महिने ती ब्रिनशी मनातल्या मनात भांडली होती, आणि ही बया येऊन सीट मागत होती. माफी नाही, काही नाही.

*

"थांब, थांब," शेल्बी म्हणाली. "पेटी आली. मला आजीचं कार्ड टाकायचंय."

वळणावर एक पेटी होती. निळी, ताज्या रंगाची. खाली खोल दरी, आणि तिच्या तळाशी समुद्र.

मारितनं गाडी थांबवली, बंद केली, चावी खिशात टाकली. तिघंही उतरले. आत बसवतच नव्हतं.

शेल्बीनं काचेचं दार उघडलं आणि हात आत घातला.

आणि तसाच ठेवला.

आत एक दिवा जळत होता. तेलाचा. मागे देवाचं चित्र. तेलाची बाटली, वातींचं पाकीट. आणि एका तरुण पोराचा फोटो. मोटारसायकलवर बसलेला, दात दाखवत.

"मारित... हे टपाल नाहीये."

"उन्हाळ्यात जर्मन पर्यटकही यात कार्डं टाकतात," मागून कुणीतरी म्हणालं.

तिघं दचकले. पायवाटेनं एक बाई वर येत होती. काळे कपडे, हातात तेलाचा डबा. स्तामाता तिचं नाव. शिकागोत भावाच्या खानावळीत तिनं बरीच वर्षं काढली होती, त्यामुळे बोलणं कळत होतं.

"माफ करा," शेल्बी म्हणाली. ती लालबुंद झाली होती. "आम्हाला माहीत नव्हतं."

"असू दे गं. माझा दीर पोस्टात आहे, त्याच्याकडे देते मी ती कार्डं. फुकट जात नाहीत." तिनं दिव्यात तेल घातलं, वात वर ओढली.

मारितनं विचारलं, "तुमचा मुलगा?"

"फोटोतला? नाही. तो शेजारणीचा. माझा मुलगा मागे बसला होता, तो वाचला. ही पेटी माझ्या मुलानं बांधली." तिनं काच डोक्यावरच्या काळ्या रुमालाच्या टोकानं पुसली. "गेलेल्याची माणसंच बांधतात असं नाही. वाचलेलेही बांधतात. दिवा लावायला तो दर आठवड्याला येतो, आज सणाच्या पाहुण्यांत अडकलाय. सुरुवातीला त्याला या वळणावर उभंही राहवायचं नाही. मी म्हटलं, उभा राहा. काय झालं ते बोल, शेजारणीच्या तोंडावर बोल. त्या बाईनं आपलं पोर घालवलंय, तिला निदान खरं तरी मिळू दे."

वारा पडला होता. समुद्राचाही आवाज येत नव्हता.

स्तामातानं तिघांकडे आळीपाळीनं पाहिलं. म्हातारी माणसं बघतात तसं, सावकाश.

"तुमच्यातलं कोण वाचलंय?"

कॉर्बिन दरीकडे बघत राहिला. शेल्बीनं हातातलं कार्ड दुमडलं. पुन्हा दुमडलं.

आणि तेव्हा...

टिंग... टिंग... टिंग...

बंद गाडीतून. दारं लावलेल्या, इंजिन बंद असलेल्या गाडीतून.

"तुमची गाडी का ओरडतेय?" स्तामातानं विचारलं.

म्हणजे तिलाही ऐकू येत होतं.

मारितनं खिशात हात घातला. चावी तिथेच होती. ऊबदार.

म्हातारीनं गाडीकडे एकदा पाहिलं. मग छातीवर क्रॉस केला, डबा उचलला, आणि आली तशी पायवाटेनं खाली गेली. घाईनं नाही. पण मागे वळून पाहिलं नाही तिनं.

*

मारित गाडीपाशी गेली.

चालवणाऱ्याची सीट मागे होती. शेवटच्या खाचेपर्यंत. ती आत्ता, थोड्या वेळापूर्वी तिच्यावरच बसून उतरली होती.

आणि समोरच्या काचेवर, पलीकडच्या बाजूला, ऊन तिरपं पडत होतं. काचेवर धूळ. धुळीवर... आतल्या बाजूनं...

दोन पाय.

छोटे. अनवाणी. बोटं फाकलेली.

मारितनं धाडकन दार उघडलं. इतक्या महिन्यांचं साचलेलं सगळं तिच्या तोंडून बाहेर आलं. ते सगळं मी इथे लिहीत नाही. मेलेल्या मैत्रिणीला जे बोलू नये ते सगळं ती बोलली. शब्द दिला होतास. माझ्या बाबांचा पाय बघून दिला होतास. तुझ्या आईला गावात मान वर करता येत नाही, पोरं बसमध्ये तिच्या पाठीमागे कुजबुजतात. आणि तू इथे पाय वर करून बसतेस?

"चालवायची एवढी खाज होती ना?" ती म्हणाली. "मग चालव. ये इकडे. घे."

तिनं चावी चालवणाऱ्याच्या सीटवर फेकली.

टिंग टिंग टिंग टिंग...

घंटा वेड्यासारखी वाजायला लागली. पण दिवा पुढच्याच सीटचा पेटलेला. पलीकडचा. ब्रिन जागची हलत नव्हती. चावीकडे येत नव्हती.

मारित बघत राहिली.

एका बाजूला पाय काचेला लावलेले. दुसऱ्या बाजूला सीट पार मागे. ब्रिन गाडी चालवायची तेव्हा सीट इतकी पुढे ओढायची की स्टिअरिंग पोटाला लागायचं. नाहीतर तिचे पाय पोचत नसत. मागे सरकवलेल्या सीटवर बसून ब्रिन कुठलीच गाडी चालवू शकली नसती.

ही गाडीही नाही.

आणि हिरवळीवरची ती निळी गाडीही नाही.

ती सावकाश वळली.

"कॉर्बिन. इकडे ये."

"मारित, तुला ऊन लागलंय. सावलीत बस जरा."

"या सीटवर बस."

"कशाला?"

"बस. तुझे पाय कुठे पोचतात ते मला बघू दे."

तो आला नाही. एक पाऊल मागे गेला. मागे पेटी होती, तिला त्याचा खांदा लागला, आतली ज्योत हलली.

"वेडेपणा करू नकोस," तो म्हणाला. "पोलिसांनी सगळं बघितलंय. सगळं लिहून झालंय."

"पोलिसांना तू सांगितलंस तेच त्यांनी लिहिलं."

घंटा वाजत होती. शेल्बी रस्त्यावर मटकन खाली बसली होती, दोन्ही कानांवर हात.

मारितचा आवाज अगदी खाली आला. ती म्हणते, त्या वेळी आपलाच आवाज आपल्याला परका वाटला.

"रॉन्डा तुझ्या घरी आली होती. तुझा हात मोडला म्हणून. तुझी माफी मागायला. स्वतःचं पोर पुरून दोन दिवस झाले नव्हते, आणि तिनं तुझ्यासाठी खिमा-बटाट्याचा हॉटडिश करून आणला होता. आख्ख्या गावाला माहितीये." ती थांबली. "तू तो खाल्लास?"

कॉर्बिननं मोडून बरा झालेला हात पोटाशी धरला.

"खाल्लास का?"

"आईनं वाढला," तो म्हणाला. "हो. खाल्ला."

आणि घंटा थांबली.

एकदम. वाजता वाजता मध्येच, पूर्ण न होता. कुणीतरी कान द्यावा तशी.

इतकी शांतता मारितनं त्याआधी कधी ऐकली नव्हती आणि त्यानंतरही नाही. ही गोष्ट ऐकल्यापासून मीही गाडीत एकटी असले की शेजारच्या रिकाम्या सीटकडे बघत नाही. बघायचं नाही असं ठरवलेलं नाही. बघवत नाही.

शेल्बीनं कानांवरचे हात काढले. ती कॉर्बिनकडे बघत नव्हती. मारितकडेही नाही. ती गाडीच्या पुढच्या काचेकडे बघत होती, जिथे ते दोन छोटे पाय अजून होते.

"ती चालवत नव्हती," शेल्बी म्हणाली. "कॉर्बिन चालवत होता. तोही प्यायला होता, मी त्याला पिताना पाहिलं होतं, आणि मी गप्प बसले. ब्रिननं आपणहून चावी दिली त्याला. म्हणाली, मी प्यायलेय, मी चालवणार नाही... मारितला शब्द दिलाय."